प्रवेश उशिरा झाला, आता फीचे पैसे कुठून उभे करायचे?

ऑगस्ट संपत आला की इंदूरच्या लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत बऱ्याच मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी नीटच्या पुढच्या फेरीची वाट बघत थांबली, नंबर लागला नाही, आणि आता बी.फार्म.ला सीएलसीत (कॉलेजच्या पातळीवरच्या शेवटच्या फेरीत) जागा मिळते आहे. मुलगा मंडळाच्या दुसऱ्या परीक्षेत बारावी सुटला आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या फेरीत त्याचं नाव आलं. कॉलेज म्हणतं, चार दिवसांत फी भरा. आईवडील एकमेकांकडे बघतात आणि धरून चालतात की कर्जाच्या, शिष्यवृत्तीच्या सगळ्या तारखा आता गेल्या असणार.

हा समज निम्मा खरा आहे आणि निम्मा खोटा. कुठला निम्मा खरा हे न कळल्यामुळे अनेक घरं नको तिथे घाई करतात आणि घाई हवी तिथे निवांत बसतात. म्हणून हा लेख.

शैक्षणिक कर्जाला शेवटची तारीख नसते

बँकेचं शैक्षणिक कर्ज वर्षभर केव्हाही मागता येतं. प्रवेश जूनमध्ये झाला की ऑक्टोबरमध्ये, यावर ते अडत नाही. पहिल्या वर्षाची फी घरून भरली आणि दुसऱ्या वर्षापासून झेपेना, तर उरलेल्या वर्षांसाठीही अर्ज करता येतो. आधी भरलेली फी पावत्या दाखवून परत देणाऱ्या बँकाही आहेत, पण त्यासाठी किती महिन्यांच्या आतली पावती चालते हे पैसे भरण्याआधीच शाखेत विचारून घ्या.

शिष्यवृत्तीचं तसं नाही. तिला तारीख असते, आणि तीही कडक. त्यातून प्रवेशप्रक्रियेतच मिळणाऱ्या सवलती तर आणखी आधी संपतात. लग्नघरातली पंगत डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पंगतीला जिलबी होती, ती संपली. दुसऱ्या पंगतीला वरण-भात-भाजी आहे, पण वाढपी सगळं आवरायच्या आत बसायला हवं. आणि घरातला कोठीचा तांदूळ कुठेच जात नाही, तो उद्याही शिजेल. कर्ज म्हणजे तो कोठीतला तांदूळ. घाई करायची ती दुसऱ्या पंगतीसाठी.

संपलेलं नेमकं काय?

तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांत ट्यूशन फी वेव्हर नावाच्या जागा असतात. मंजूर जागांवर पाच टक्के जास्तीच्या, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलांना त्यांत शिकवणी फी माफ. या जागा कौन्सेलिंगच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच गुणवत्तेवर भरल्या जातात, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला त्या मिळणं कठीणच. इंदूरच्या एसजीएसआयटीएससारख्या जुन्या इंजिनिअरिंग संस्थेत हवी ती शाखा मिळणंही तोवर हाताबाहेर गेलेलं असतं. हे नुकसान खरं आहे. पण ते एवढंच आहे.

सर्वात महाग पडणारी चूक

पालक पहिले दहा दिवस बँकेच्या मागे धावतात आणि शिष्यवृत्ती "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सोडून देतात. माझ्या मते उशिरा प्रवेश घेणाऱ्याचं सर्वात मोठं नुकसान इथे होतं. कारण काही महत्त्वाच्या शिष्यवृत्त्यांचा नवा अर्ज फक्त पहिल्या वर्षाला घेतला जातो. तो चुकला की पुढच्या सगळ्या वर्षांची रक्कम गेली.

एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती घ्या. ती तंत्रशिक्षणाच्या पदवी किंवा पदविकेला पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींसाठी आहे (थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांनाही चालते). कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि एका घरातल्या दोनच मुलींना ती मिळू शकते. रक्कम वर्षाला ५०,००० रुपये. चार वर्षांच्या पदवीचे दोन लाख झाले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलामुलींसाठी अशीच सक्षम शिष्यवृत्ती आहे.

साध्या पदवीला, म्हणजे होळकर सायन्स कॉलेजात बी.एस्सी.ला वगैरे गेलेल्यांसाठी केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आहे. बारावीला आपल्या मंडळात वरच्या वीस टक्क्यांत असलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. रक्कम छोटी वाटते, पण सरकारी कॉलेजची वर्षाची फी त्यातून सहज निघून वर पुस्तकांनाही पैसे उरतात.

या दोन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. गेल्या काही वर्षांत तिथल्या बऱ्याच योजनांची मुदत ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत असते, कधी वाढतेही. वाढीच्या भरवशावर राहू नका, कारण अर्ज भरल्यावर आधी कॉलेजने आणि मग वरच्या कार्यालयाने तो तपासायचा असतो. कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने (शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या) वेळेत तपासला नाही तर तुमचा अर्ज वेळेत भरूनही उपयोग नाही. म्हणून अर्ज भरला त्याच दिवशी त्याची प्रत घेऊन त्या अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेटा.

मध्य प्रदेशच्या आपल्या योजना

मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून चालू आहे. राज्याच्या मंडळातून बारावीला ७० टक्के, किंवा सीबीएसई-आयसीएसईतून ८५ टक्के, आणि मध्य प्रदेशचा मूल निवासी (रहिवासी) दाखला, हे मूळ निकष. उत्पन्नाची मर्यादाही आहे. इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतली रँक लागते. मग सरकारी कॉलेजची फी शासन भरतं, आणि खाजगी कॉलेज असेल तर दीड लाख रुपये किंवा प्रत्यक्ष शिकवणी फी, यांतली कमी असेल ती. सरकारी कॉलेजातल्या साध्या पदवीलाही ही योजना लागू आहे, हे आपल्याकडे फार कमी घरांना माहीत असतं. आईवडील असंघटित कामगार म्हणून नोंदलेले असतील, तर त्यांच्या मुलांसाठी मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना वेगळी आहे, आणि तिथे सत्तर-पंच्याऐंशी टक्क्यांची अटही नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहेच.

एक गोष्ट मात्र अर्ज करण्याआधी ठरवावी लागते. प्रगती किंवा केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती दुसऱ्या शिष्यवृत्तीबरोबर किंवा फीमाफीबरोबर घेता येत नाही. मेधावीतून दीड लाख मिळणार असतील तर प्रगतीच्या पन्नास हजारांचा मोह नको.

कागद, आणि त्यांतला एक अवघड कागद

समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-सदस्य क्रमांक), मूल निवासी, आय म्हणजे उत्पन्नाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, बारावीची मार्कशीट, प्रवेशाचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती. यांतले बहुतेक घरात असतात किंवा लोक सेवा केंद्रातून निघतात. समग्र आयडीत मुलाचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं स्पेलिंग जुळतं का हे आज रात्रीच बघा, कारण मराठी घरांत आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असणं नित्याचं आहे आणि पोर्टलला ते खपत नाही.

अवघड कागद म्हणजे बँकेचं खातं. ते विद्यार्थ्याच्याच नावाचं हवं, आणि डीबीटीसाठी चालू हवं. डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे आधार क्रमांकाच्या आधारे थेट खात्यात येणं. खात्याला आधार जोडलेलं असलं म्हणून डीबीटी चालू असतेच असं नाही. त्यासाठी बँकेने ते खातं एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या आधार यादीत नोंदवावं लागतं. शाखेत "आधार सीडिंग करून द्या, एनपीसीआयला मॅप करा" असं स्पष्ट सांगा. मंजूर झालेली शिष्यवृत्ती महिनोन्महिने अडकण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

"पुण्याच्या मावसबहिणीला फी माफ झाली, मग मला का नाही?"

हा प्रश्न फक्त आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. नातेवाइकांच्या ग्रुपवर ही बातमी फिरते आणि इथल्या मुली आशेने विचारतात. पण तो लाभ महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. आपली मातृभाषा मराठी असली तरी आपला दाखला मध्य प्रदेशचा, त्यामुळे महाडीबीटीवर (महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) वेळ घालवू नका. आजोळचा पत्ता दाखवून तिकडचा दाखला काढायचा सल्ला कोणी देत असेल तर तो तर मुळीच ऐकू नका. खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश तिसऱ्या वर्षालाही रद्द होऊ शकतो. इंदूरहून पुण्याला शिकायला गेलेल्यांना केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि बँकेचं कर्ज मात्र इथल्यासारखंच मिळतं.

सीएलसीचा प्रवेश म्हणजे मॅनेजमेंट कोटा का?

नाही. सीएलसी म्हणजे कॉलेज लेव्हल कौन्सेलिंग: उरलेल्या जागा कॉलेजच्या पातळीवर, पण शासनाच्या पोर्टलवर नोंद होऊन, गुणवत्ता यादीने भरणं. बँकेतला अधिकारी कधी कधी दोन्ही एकच समजतो आणि तिथे घोळ होतो, कारण मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला व्याजाच्या सरकारी सवलती मिळत नाहीत आणि कर्ज देणं-न देणंही बँकेच्या मर्जीवर जातं. त्यामुळे फक्त पैसे भरल्याची पावती घेऊन बँकेत जाऊ नका, पोर्टलवरचं अलॉटमेंट लेटर सोबत न्या. "पोर्टलचं नंतर बघू, आधी पैसे भरा" असं कोणी म्हणत असेल, तर तो प्रवेश खरंच सीएलसीचा आहे का हे तपासा.

फीचा आकडाही तपासा. मध्य प्रदेशात खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवण्यासाठी २००७ च्या कायद्याने नेमलेली प्रवेश व शुल्क नियामक समिती आहे. कॉलेजवार फी तिच्या संकेतस्थळावर दिसते. त्याहून जास्त मागणी झाली तर लेखी मागा. उशिरा आलेला पालक घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्याकडून जास्त पैसे घेणं सोपं जातं.

कर्ज: तीनच शब्द समजून घ्या

तारण म्हणजे बँकेकडे गहाण ठेवायची मालमत्ता. देशातल्या शिक्षणासाठी साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागू नये अशी व्यवस्था आहे, कारण त्यातल्या ७५ टक्के बुडिताची हमी सरकारचा निधी घेतो. आई किंवा वडील सहकर्जदार मात्र असतात. मार्जिन म्हणजे खर्चातला आपला वाटा. चार लाखांपर्यंत शून्य, त्यावर देशात शिकताना पाच टक्के, आणि शिष्यवृत्तीची रक्कमही त्यात धरता येते. तिसरा शब्द मोरेटोरियम, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीचा सवलतीचा काळ: अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत फेड करता येते.

कर्जात फीबरोबर होस्टेल, परीक्षा, पुस्तकं, गरजेचा लॅपटॉप हेही बसतं. रक्कम एकदम हातात येत नाही. दर वर्षी किंवा सेमिस्टरला ती थेट कॉलेजच्या खात्यात जाते, आणि यामुळे व्याजही वाचतं.

अर्ज पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर करा. कॉलेजकडून लेटरहेडवर वर्षवार फीचा तक्ता आणि बोनाफाईड घेऊन ठेवा, शाखा पहिल्यांदा तेच मागते. शाखेकडून तत्त्वतः मंजुरीचं पत्र मिळालं की ते कॉलेजला दाखवून मुदत मागा. बरीच कॉलेजं पहिला हप्ता घेऊन उरलेल्यासाठी थांबतात. तेवढ्या पहिल्या हप्त्यासाठी आईच्या पाटल्या दोन महिने बँकेत ठेवणं मला गैर वाटत नाही. चार वर्षांच्या फीसाठी त्या ठेवणं मात्र चूक आहे.

व्याजाचा हिशेब, आणि सरकार त्यातलं किती भरतं

समजा दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख घेतले, दर दहा टक्के. सवलतीच्या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. हप्ता सुरू होईपर्यंत १,४०,००० रुपये चढलेले असतात. आता ५,४०,००० दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण ७,१४० येतो. व्याज चढलंच नसतं, म्हणजे चारच लाख फेडायचे असते, तर हप्ता साधारण ५,२९०.

हा १,४०,००० चा बोजा कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्र सरकार पूर्ण उचलतं. अट अशी की अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक हवा आणि संस्थेला नॅकची किंवा अभ्यासक्रमाला एनबीएची (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था) मान्यता हवी. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांत (सुरुवातीला त्या ८६० होत्या) गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीन दोन्हींशिवाय कर्ज मिळतं, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज सरकार भरतं. आयआयटी इंदूरसारख्या केंद्रीय संस्था त्यात आहेत, पण इंदूरच्या बहुतेक खाजगी कॉलेजांतल्या मुलांनी तशी अपेक्षा ठेवू नये. यादी दरवर्षी बदलते, पोर्टलवर आपल्या कॉलेजचं नाव शोधा.

कर्ज मंजूर झालं म्हणजे ही सवलत आपोआप लागली असं समजू नका. तिचा अर्ज वेगळा असतो आणि सक्षम अधिकाऱ्याचं आय प्रमाणपत्र लागतं. सवलतीत न बसणाऱ्यांनी जमेल तसं दरमहा व्याज तरी भरत राहावं, वरच्या आकड्यांतला हप्त्यांमधला फरक त्यासाठी पुरेसा आहे. अशा वेळी काही बँका दरातही एक टक्का सूट देतात.

कॉलेजमध्येच बसलेला माणूस लगेच ईएमआय करून देतो, ते काय वाईट?

ते बहुतेक वेळा वित्त कंपनीचं, पालकांच्या नावावरचं साधं कर्ज असतं. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू. मोरेटोरियम नाही आणि वर सांगितलेली व्याजाची सरकारी सवलतही नाही. पर्सनल लोनचंही तसंच. सही करण्याआधी कागदावर कर्जदार कोण आहे आणि पहिला हप्ता कधी आहे, एवढं वाचाच.

शाखेने तोंडी "नाही" म्हटलं तर?

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अर्जाचा निर्णय पंधरा दिवस ते महिनाभरात व्हावा आणि नकार द्यायचा तर शाखेच्या वरच्या अधिकाऱ्याची संमती असावी, असं म्हटलेलं आहे. "तुमचं घर आमच्या क्षेत्रात येत नाही" हे कारण तर रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच नामंजूर केलं आहे. पोर्टलवर अर्ज असेल तर नकाराचीही नोंद होते, म्हणून शाखेतल्या टेबलावर कागद ठेवून येण्यापेक्षा पोर्टल बरं.

वडिलांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक, खराब असेल तर अडचण खरी आहे, ती लपवू नका. आजी-आजोबांपैकी कोणाला सहकर्जदार करता येईल का विचारा. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कमी सिबिलवरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. मध्य प्रदेशात तो निकाल बंधनकारक नाही, पण पत्रात उल्लेख करायला हरकत नाही.

लेखी नकारानंतर जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरकडे जा, प्रत्येक जिल्ह्यात असा अधिकारी असतो. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही. कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय लोकपाल बँकेऐवजी घेत नाही, पण अर्ज दाबून ठेवणं, कारण न देणं, नियम न पाळणं यावर तो विचारणा करू शकतो. शिष्यवृत्ती कॉलेजच्या किंवा विभागाच्या टेबलावर अडली असेल तर सीएम हेल्पलाइन १८१, किंवा मंगळवारी कलेक्टर कार्यालयातली जनसुनवाई.

आधी एका कॉलेजात फी भरली होती, आता दुसरीकडे जागा मिळाली

उशिरा प्रवेशाच्या या दिवसांत हे सारखं घडतं. पहिली फी बुडालीच असं मानू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के आणि त्यापुढच्या पंधरवड्यात ५० टक्के फी परत मिळते. अलीकडे आयोग दरवर्षी वेगळं परिपत्रक काढून याहूनही सोयीची मुदत देतो: २०२४ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून. मूळ मार्कशीट, टीसी अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने करा आणि एक प्रत हाती देऊन तारखेचा शिक्का घ्या, कारण किती टक्के परत मिळणार हे त्या तारखेवर ठरतं.